न फुटणाऱ्या घामाची साक्ष

मराठीत घाम दोन तऱ्हांचा: एक गाळायचा, दुसरा फुटणारा. पहिला उन्हाचा नि कष्टाचा, दुसरा भीतीचा. शरीरशास्त्रही हा भेद मानते. अंगावरचा घाम प्रामुख्याने उष्णतेने येतो, तळहात-तळपायांचा मनाच्या खळबळीने. हुकूम मात्र दोन्हींना एकाच अनुकंपी मज्जासंस्थेकडून मिळतो. ती आपल्या इच्छेने चालत नाही. मूठ वळायला सांगून स्नायूचा मज्जातंतू तपासता येतो. घर्मग्रंथीला असे काही सांगता येत नाही. तिथे त्वचेलाच बोलते करावे लागते.

दचकल्यावर त्वचेचा विद्युत्‌भार बदलतो, हे सेंट पीटर्सबर्गच्या तारखानोव यांनी १८९० मध्ये नोंदवले. त्याच वर्षी मुंबईचे आयुक्त ऍकवर्थ यांनी माटुंग्याला कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उघडले. शाळिग्रामांबरोबर पोवाडे गोळा करणारे ऍकवर्थ ते हेच. या दोन घटनांचा तेव्हा परस्परांशी संबंध नव्हता. तो पुढे जुळला.

१९८४ मध्ये भगवान शहानी आणि सहकाऱ्यांनी या बदलाचा उपयोग मज्जातंतूंच्या तपासणीसाठी मांडला. तळहातावर आणि हाताच्या पाठीवर एकेक इलेक्ट्रोड लावतात, मनगटावर विजेचा हलका झटका देतात. सुमारे दीड सेकंदाने तळहातावर लहर उमटते, तळपायावर सुमारे दोन सेकंदांनी. इतका उशीर का? स्नायूंकडे जाणाऱ्या जाड तंतूंतून संदेश सेकंदाला पन्नासेक मीटर धावतो. घर्मग्रंथीकडे जाणारे तंतू बारीक आणि आवरणाविना. त्यांतला वेग सेकंदाला मीटरभर.

कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांतल्या मज्जातंतूंत घर करतात आणि हे बारीक तंतू लवकर बाधतात. चट्टा बधिर होतो तसा कोरडाही पडतो. बधिर हाताला झटका कळणार नाही. म्हणून तो दुसरीकडे देतात, किंवा अचानक आवाज करतात, आणि उत्तर त्या हातावर शोधतात. मात्र लागोपाठच्या झटक्यांना त्वचा सरावते, थंड हातावर लहर उशिरा येते, आणि साठीनंतर निरोगी पायांवरही ती कधी उमटत नाही. नुसत्या यंत्रावर निदान करता येत नाही ते यामुळेच.

यंत्राविनाही हे पाहता येते. त्वचेवर आयोडीन लावून वाळवायचे, वर स्टार्च भुरभुरायचा. घाम आला की ते निळे-काळे होते. कोरडा चट्टा तसाच राहतो. ही रीत मिनॉर यांची, १९२८ ची.

सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे भारताने २००५ च्या अखेरीस जाहीर केले. पालघरच्या आदिवासी तालुक्यांत मात्र नवे रुग्ण आजही सापडतात. जव्हार तालुक्यातल्या वावरसारख्या गावात नागली-वरईची शेती डोंगरउतारावर असते आणि पाय पुष्कळदा अनवाणी. घाम न येणारा तळपाय भेगाळतो. बधिर असल्याने भेग दुखत नाही. चालणे थांबत नाही. भेगेची जखम होते. औषधे जंतू मारतात, पण मेलेला तंतू परत देत नाहीत.

उपाय साधा आहे: पाय रोज पाण्यात भिजवायचे, घट्टे हलके घासायचे, ओलसर असतानाच तेल चोळायचे, पायात मऊ तळाची चप्पल घालायची. तो वेळेवर सुरू व्हायचा, तर बधिर चट्ट्याबरोबर कोरड्या तळपायाकडेही आधी कुणीतरी पाहिले पाहिजे.