घेर अजून खाली आलेला नाही

कमरेतून वाकून जमिनीला समांतर झालेली पाठ, कपाळाशी नेलेला हात, मागे उंच झोकलेला पाय आणि त्या झोकाने हवेत कमानीसारखा उसळलेला पायघोळ झग्याचा घेर. नर्तकी मार्था ग्रॅहमचं हे छायाचित्र बार्बरा मॉर्गनने १९४० साली टिपलं. नाच होता ‘लेटर टू द वर्ल्ड’, कवयित्री एमिली डिकिन्सनच्या आयुष्यावर बेतलेला. तो प्रयोग केव्हाच संपला. घेर मात्र अजून खाली आलेला नाही.

हे चित्र नशिबाने हाती लागलेलं नाही. मॉर्गन मूळची चित्रकार. १९३५ मध्ये ग्रॅहमची ओळख झाल्यावर ती नृत्यं आधी नुसती पाहत राहिली. पाहून झाल्यावर मनात ज्या हालचाली ठसून उरत, त्यांच्यासाठी ती स्टुडिओत प्रकाशयोजना करी आणि नर्तकीकडून तेवढाच भाग पुन्हा करवून घेई. १९४१ साली ग्रॅहमच्या १६ नृत्यांच्या छायाचित्रांचं तिचं पुस्तक निघालं.

छायाचित्रकार अलेक्सी ब्रोडोविचची वाट नेमकी उलटी. त्याने रशियन बॅले टिपले ते रंगमंचावरच्या मंद उजेडात, छोट्या कॅमेऱ्याने, फ्लॅशशिवाय. शटर जास्त वेळ उघडं राहिल्याने हातपाय धूसर झाले, दिवे फुटून पसरले. कुणी ही चित्रं बाद केली असती. ब्रोडोविचने १९४५ साली त्यांचंच ‘बॅले’ हे १०४ छायाचित्रांचं पुस्तक केलं. त्यात चेहरे हरवतात, पण गिरकीचा वेग हाती लागतो.

एकीने आकार राखला, दुसऱ्याने वेग. नाचातलं काय राखायचं आणि काय सोडायचं हे ज्याने ठरवलं, त्याची ती कलाकृती. कॅमेरा हा निर्णय घेत नाही. आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्यात तर बटण दाबताच आरसा वर जातो आणि क्षणभर समोर अंधार होतो. म्हणजे जो क्षण टिपला जातो, नेमका तोच छायाचित्रकाराला दिसत नाही! सम दिसल्यावर बोट हललं तर उशीर झालेला असतो. ती येते आहे हे आधी कळावं लागतं, आणि त्यासाठी ताल अंगात मुरलेला लागतो.

प्रयोग पाहून घरी परतताना आपल्याही मनात सगळा नाच कुठे उरतो? एखादी गिरकी उरते, वळता वळता थांबलेली एखादी मान उरते. मॉर्गनने कॅमेरा उचलण्याआधी वाट पाहिली ती याच उरण्याची.