निनावी जाळ्यातील आपला दुवा

आपण कोणते संकेतस्थळ उघडले हे इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीला कळते आणि ते उघडणारा संगणक कोठला हे त्या संकेतस्थळाला. ही सांगड तोडण्यासाठी ज्या यंत्रणा उभ्या राहिल्या, त्यांपैकी एक म्हणजे २००३ मध्ये सुरू झालेली ‘आय-टू-पी’. तिला मध्यवर्ती सर्व्हर नाही. जो वापरकर्ता तोच वाहक, हे तिचे सूत्र.

येथे प्रत्येक संदेश कूटबद्ध होऊन अनेक संगणकांच्या साखळीतून जातो. या साखळीला ‘टनेल’ म्हणतात. जाण्याचा व येण्याचा टनेल वेगळा असतो. त्यात साधारणतः तीन संगणक असतात आणि दर दहा मिनिटांनी तो नव्याने बांधला जातो. प्रत्येक दुव्याला फक्त मागचा व पुढचा शेजारी ठाऊक असतो. इतरांची वाहतूक आपल्या संगणकातून जाते, तेव्हा आपली स्वतःची वाहतूक त्या गर्दीत मिसळते. म्हणूनच दुवा चालवणे हा केवळ परोपकार नव्हे.

पण दुसऱ्याच्या कृत्याचे बालंट आपल्यावर येईल काय? ‘टॉर’ या जाळ्यात शेवटच्या दुव्याचा पत्ता संकेतस्थळाला दिसतो, त्यामुळे तक्रारी त्याच्या दारी येतात. आय-टू-पीमधील सामान्य दुवा मात्र जाळ्याच्या आतलीच कूटबद्ध वाहतूक वाहतो. बाहेरच्या इंटरनेटकडे जाणारी दारे मोजके स्वयंसेवक चालवतात. तरीही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. आपण काय करतो हे झाकले जाते, आपण या जाळ्यात आहोत हे नव्हे. दुव्याचा आयपी पत्ता इतर सहभागींना सहसा दिसतोच.

दुवा नीट चालत नसेल, तर तपासणी क्रमाने करावी. प्रथम संगणकाचे घड्याळ पाहावे. मिनिटाहून अधिक फरक असल्यास इतर दुवे संपर्क नाकारतात. वेळ आपोआप जुळवण्याची सोय सुरू केल्यास बहुधा काम भागते. एकही शेजारी सापडत नसेल, तर सुरुवातीची यादी देणाऱ्या सर्व्हरपर्यंत आपण पोहोचलेलो नाही. अशा वेळी यादीची फाइल अन्य मार्गाने मिळवून भरता येते.

‘फायरवॉल्ड’ असा शेरा दिसल्यास बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडत आहेत. आय-टू-पी ९००० ते ३१००० या दरम्यानचा एक पोर्ट निवडते. तो घरच्या राउटरवर यूडीपी व टीसीपी या दोन्हींसाठी खुला करावा. एवढ्याने भागले नाही, तर राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. मग पोर्ट उघडूनही उपयोग नाही; स्वतंत्र पत्ता वा आयपीव्ही६ मागावे. ते न मिळाले तरी दुवा इतरांच्या मध्यस्थीने चालतो, फक्त त्याचा हातभार कमी पडतो.

नवा दुवा आरंभी संथ असतो, कारण इतरांना त्याची पारख व्हायला वेळ लागतो. वारंवार बंद-चालू केल्यास ही पारख पुन्हा मागे पडते. बंद करतानाही ‘सावकाश बंद’ हा पर्याय निवडावा. चालू टनेल संपायला दहा-अकरा मिनिटे लागतात. तेवढे थांबल्यास आपल्यावर विसंबलेल्या अनोळखी माणसाचा संवाद मध्येच तुटत नाही.