पद्मिनीचा गिअरबॉक्स अडला तर

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या काही प्रीमियर पद्मिनी हौशी मंडळींनी आजही जिवापाड जपल्या आहेत. पुढे 1089 सीसीचं इंजिन, त्यामागे चार गिअरचा बॉक्स आणि तिथून मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट. रचना इतकी सुटसुटीत की गिअरबॉक्स घरीही उतरवता येतो.

पण सगळे बोल्ट काढूनही तो कधी कधी जागचा हलत नाही.

अशा वेळी पहार घालण्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्समधली फट बघावी. फट पडतच नसेल, तर बहुधा वरच्या अंगाला किंवा स्टार्टरजवळ एखादा बोल्ट राहिलेला असतो, नाहीतर डॉवेल पिना गंजून धरलेल्या असतात. बोटभर फट पडून गाडं तिथंच अडलं, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या खाचा क्लचप्लेटमध्ये गंजल्याची शंका घ्यावी. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर थांबावं, मग दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत सरळ मागे ओढावं. एकच बाजू उघडली की पिना आणखी आवळतात. तेव्हा बॉक्स पुन्हा आत ढकलून नव्याने सुरुवात करावी. तेल क्लचप्लेटला लागलं असेल तर ती बदलावीच.

बॉक्स शाफ्टवर लोंबकळला की क्लचप्लेट वाकते, म्हणून खाली जॅक हवा आणि इंजिनालाही टेकू हवा. गाडी मात्र पक्क्या स्टँडवरच. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरणं जिवावर बेततं. जुन्या क्लचच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.