दोन्हीकडून सारखी नागमोडी

“खान्देशात लोकर कोणाला लागते?” विणकामाची पिशवी घेऊन बसलेल्या बाईला हा प्रश्न नंदुरबारमध्ये हमखास ऐकावा लागतो. चाळिशी ओलांडणारा इथला उन्हाळा सोसलेल्या माणसाला तो पडणं साहजिकच आहे. पण याच जिल्ह्यातलं तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे, आणि कडाक्याच्या थंडीत सातपुड्यातल्या डाबकडे पहाटेचं दव गवतावर गोठतं. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्राही तापीकाठी ऐन थंडीत भरते. रात्री घोडेबाजारात फिरायचं तर कानाला मफलर हवाच.

मफलरचं नाव मुद्दाम घेतलं. स्वेटरची आतली बाजू कोणी बघत नाही. मफलर गळ्याभोवती टाकला की दोन्ही बाजू दिसतात. मग पाठ लपवायची कशी, या काळजीतून नाना समजुती निघतात.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे सुलट टाका चांगला, उलट टाका मागच्या बाजूचा. खरं तर हे दोन वेगळे टाके नाहीतच. फास एकच. समोरून तो कणसातल्या दाण्यांच्या जोडीसारखा दिसतो, मागून आडव्या मण्यासारखा. तुम्ही उलट विणलेला टाका समोर बसलेल्या बाईला सुलटच दिसतो. उलट टाक्याला कमी लेखू नये, तो सापडायलाही वेळ लागला. फ्लॉरेन्समध्ये १५६२ साली दफन झालेल्या एलेनोरा दी तोलेदो हिच्या मोज्यांत तो आहे, आणि त्याच्या जुन्यातल्या जुन्या ज्ञात नमुन्यांत ते मोजे धरले जातात.

हे एकदा डोक्यात बसलं की दुहेरी नागमोडी अवघड राहत नाही. टाके ८ च्या पटीत आणि वर एक, म्हणजे मफलरला ४१ घाला. पहिली ओळ: १ सुलट, मग ७ उलट, १ सुलट असं शेवटपर्यंत. तिसरी: २ सुलट, मग ५ उलट, ३ सुलट करत जायचं, शेवटी २ सुलट. पाचवी: ३ सुलट, मग ३ उलट, ५ सुलट, शेवटी ३ सुलट. सातवी: ४ सुलट, मग १ उलट, ७ सुलट, शेवटी ४ सुलट. मधल्या सम ओळींत टाका समोर जसा दिसेल तसाच विणायचा. नवव्या ओळीपासून हेच सगळं, फक्त सुलटच्या जागी उलट आणि उलटच्या जागी सुलट. सोळाव्या ओळीला नमुना पुरा होतो. त्यात एका बाजूने ३२८ सुलट दिसतात आणि ३२८ उलट, अगदी निम्मे-निम्मे. मफलर उलटा करा: तीच नागमोडी, फक्त ८ ओळी सरकलेली. मला ही मांडणी फार सुंदर वाटते.

नागमोडीसाठी टाके वाढवावे-घटवावेच लागतात, असंही ठामपणे सांगितलं जातं. तो प्रकार वेगळा. त्यात मफलरची टोकंसुद्धा नागमोडी होतात. इथे प्रत्येक ओळीत ४१ च टाके राहतात. मोजताना ४० भरले तर एक गळला, तिथेच थांबून शोधा.

“कडा गुंडाळल्या तर इस्त्री फिरव” हा सल्ला तर महागात पडतो. नुसत्या सुलट बाजूच्या विणीत बाजूच्या कडा मागे वळतात, कारण समोरचा आणि मागचा ताण सारखा नसतो. सुलट-उलट निम्मे-निम्मे आले की तो ताण सावरला जातो आणि पट्टी बरीचशी सपाट राहते. बाजारात लोकर म्हणून मिळणारा धागा बहुतेक वेळा ॲक्रिलिकचा असतो. गरम इस्त्रीने तो लुळा पडतो आणि उठावही बसतो, तो पुन्हा येत नाही.

दोन्ही बाजू सारख्या म्हणजे लोकर दुप्पट, हेही खरं नाही. थर एकच असतो. रंगाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे: फिका, एकरंगी धागाच घ्या. ही नक्षी उजेड-सावलीवर उभी असते, रंगीबेरंगी लोकरीत ती बुडून जाते. सुई घेताना, आपल्याकडच्या जुन्या क्रमांकांत आकडा वाढला की सुई बारीक होते, हे विसरू नका. ८ नंबर ४ मिलिमीटरची, १० नंबर सव्वातीनची.

आणि सुरुवातीलाच, पहिली ओळ ज्या बाजूने विणली त्या बाजूला एक सेफ्टी पिन लावून ठेवा. दोन्ही बाजू इतक्या सारख्या दिसतात की चुलीवरचं दूध उतरवून परत आल्यावर सम ओळ चालू होती की विषम, हे ती पिनच सांगते.