मुलाम्याची झीज

पुण्याच्या नारायण पेठेंत व लगतच्या पेठांत जुने वाडे एकामागून एक उतरविले जात आहेत. त्यांबरोबर देव्हाऱ्यांतील मूर्ति, प्रभावळी, तबकें, अत्तरदाण्या, हत्यारांच्या मुठी इत्यादि वस्तु बाजारांत येतात. संग्राहकाच्या हातीं पडण्यापूर्वीं त्या बहुधा घासूनपुसून लखलखीत केलेल्या असतात. या घासण्यानें वस्तूच्या अंगचा पुरावा कसा नाहींसा होतो हें ध्यानांत यावें, म्हणून एका धातूवर दिलेला दुसऱ्या धातूचा लेप कशानें टिकतो व कशानें झिजतो, याचा येथें थोडक्यांत विचार करावयाचें योजिलें आहे.

कौटिलीय अर्थशास्त्र शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें प्रथम छापून प्रसिद्ध केलें. त्याच्या दुसऱ्या अधिकरणाच्या चवदाव्या अध्यायांत सोनारांच्या अपहाराचे प्रकार सांगितले आहेत. हलक्या धातूवर सोन्याचें कवच बसविणें यास तेथें 'पेटक' म्हटलें असून, त्याचे 'गाढ' म्हणजे घट्ट बसलेलें व 'अभ्युद्धार्य' म्हणजे उचलून निघणारें असे भेद केले आहेत. जुन्या वस्तूंतून सोनें काढून घेण्याच्या उपायांत 'परिमर्दन' हा एक आहे. हरताळ, मनशीळ किंवा हिंगूळ यांची अथवा कुरुविंदाची पूड फडक्यास लावून भांडें चोळावयाचें; यानें भांडें क्षीण होतें, परंतु कोठेंहि मोडतोड दिसत नाहीं, असें ग्रंथकार बजावतो. तेथें जी क्रिया चोरींत गणली आहे, तीच आपण सणासुदीस भक्तिभावानें करीत असतों.

लेपाचें टिकणें तीन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली काठिण्य. मोह्स यांच्या दहा अंशांच्या मापनांत कथील सुमारें १.५, सोनें व रुपें २.५ ते ३, तांबें ३, गार ७ व कुरुविंद ९ या स्थानीं येतात. विटेच्या भुकटींत व वाळूंत गारेचे कण असतात. त्यांच्यापुढें सोन्याचा निभाव लागणें शक्य नाहीं. आर्चर्ड यांनीं १९५३ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें, झिजून जाणारा धातु हा दाब व घासलें गेलेलें अंतर यांच्या सम प्रमाणांत आणि काठिण्याच्या व्यस्त प्रमाणांत असतो. दुसरी गोष्ट जाडी. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका, म्हणजे एक मायक्रॉन जाडीचा सोन्याचा थर घेतल्यास एका चौरस सेंटिमीटरवर अवघें दोन मिलिग्रॅमहून किंचित् कमी सोनें बसतें. तिसरी गोष्ट सांधा, म्हणजेच गाढ व अभ्युद्धार्य यांतील भेद.

तांब्याच्या भांड्यास कल्हई करतांना तें तापवून नवसागरानें स्वच्छ करितात व कथील फिरवितात. कथील २३२ अंश सेल्सियसवर वितळतें व तांब्याशीं मिळून सांध्यावर एक कठिण संयुग बनतें. म्हणून मऊ कथील झिजलें तरी करडा थर मागें राहतो. जुना सोनेरी मुलामा पाऱ्याच्या योगें देत. सोनें पाऱ्यांत मिळवून तो लेप तांब्यास माखीत व तापवून पारा उडवीत. यांत सोनें तांब्यास घट्ट धरतें, थरहि बहुधा कांहीं मायक्रॉनांचा असतो, आणि पाऱ्याचा अंश मागें उरतो. विजेच्या साहाय्यानें मुलामा देण्याचा धंदा एल्किंग्टन यांच्या १८४० च्या पेटंटानंतर वाढला. त्यांतील शोभेचा थर कित्येकदां एका मायक्रॉनहूनहि पातळ असतो.

यावरून एक उपयुक्त कसोटी हातीं येते. पेशवाई १८१८ सालीं संपली. त्या काळची म्हणून दाखविलेल्या वस्तूच्या सोन्यांत क्ष-किरणांच्या परीक्षेनें पारा मुळींच न आढळल्यास, मुलामा मागाहून दिला असावा असा संशय घेण्यास जागा आहे. मात्र पत्रा चिकटवूनहि सोनें चढवीत असत, त्यामुळें एवढ्यावरून वस्तूच बनावट ठरत नाहीं.

झीज ही स्वतः पुरावा आहे. मूर्तीच्या नाकावर व गुडघ्यांवर तांबें उघडें पडून वस्त्राच्या चुण्यांत सोनें शिल्लक असेल, तर तेथें हात व गंध वर्षानुवर्षें लागत होतें असें अनुमान निघतें. मुठीवर हाताची पकड कोठें पडे तें कळतें. मुलाम्याच्या खोट्या नाण्याची कड झिजली म्हणजे आंतील तांबें डोकावतें. वस्तु पुन्हां मुलामा देऊन आणली कीं हें सर्व बुजून जातें.

तस्मात् संग्राहकांस आमची विनंति अशी आहे. वस्तु हातीं येतांच प्रथम वजन व छायाचित्र घ्यावें. धूळ मऊ कुंचल्यानें झाडावी. चिंच, रांगोळी व विटेची भुकटी वर्ज्य करावी. चिंचेचें आम्ल सोन्यास बाधत नसलें तरी बारीक छिद्रांतून खालीं शिरून तांबें खातें, व वरील थर निराधार होतो. नवा मुलामा देववूं नये. आणि संग्रहाच्या यादींत वस्तूचें नांव, लांबीरुंदी व वजन यांच्या जोडीस ती कोठें व किती झिजली आहे याचीहि नोंद ठेवावी.