कुकी नेमकं काय टिपते?

गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोंत १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना जुगार खेळायला बंदी आहे. दारात ओळखपत्र पाहतात. पण डिचोली तालुक्यातल्या सर्वणमध्ये घरबसल्या मोबाइलवर जुगाराचं संकेतस्थळ उघडलं, तर नाव विचारण्याआधीच ब्राउझरला एक क्रमांक चिकटतो. हीच कुकी.

ती म्हणजे मजकुराची एक छोटीशी नोंद: तिचं नाव, एक मूल्य आणि बहुतेकदा मुदत. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी ती आणली, कारण प्रत्येक क्लिकनंतर सर्व्हर समोरच्याला विसरून जायचा. लॉगिन टिकतं ते तिच्यामुळे. इथवर बँकेचं आणि जुगाराचं संकेतस्थळ सारखंच.

खरी गंमत दलालीत आहे. टेलिग्रामवर ‘टिप’ देणाऱ्याच्या लिंकवर बोट पडलं, की त्याचा संकेतांक कुकीत जाऊन बसतो, अनेकदा ३० दिवसांसाठी. त्या मुदतीत खातं उघडून पैसे भरले, की त्याचा वाटा पक्का. काही करारांत तर हा वाटा खेळणारा किती हरला त्यावर ठरतो! म्हणजे जिंकवून देतो म्हणणाऱ्याची कमाई हरण्यावर.

जाहिरात कंपन्यांच्या तिऱ्हाईत कुकी वेगळ्या. पैसे न भरता मागे फिरलेल्याला त्या बातम्यांच्या पानावर बोनसचं आमिष दाखवतात. सफारी ब्राउझर २०२० पासून त्या सरसकट अडवतो.

हरलेल्या रकमेचा हिशेब मात्र सर्व्हरवर असतो. कुकी पुसल्याने तो पुसला जात नाही. आणि मुळात, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झाला.