स्नायू आखडतो, तंतू मात्र तेवढेच

कोपरात हात दुमडला की दंडावर बेटकुळी येते. स्नायू आखूड होतो, म्हणजे त्यातले तंतूही आकसत असणार, असं अनेक शास्त्रज्ञांना वाटे. १९५४ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले: एक अँड्र्यू हक्स्ली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन यांचा. (दोन्ही हक्स्ली एकमेकांचे कुणी लागत नव्हते.) तंतू आकसत नाहीत, एकमेकांमध्ये सरकतात, हाच दोन्हींचा निष्कर्ष.

स्नायूपेशी केसासारखी बारीक, पण कित्येकदा काही सेंटिमीटर लांब. तिच्यात सुमारे २ ते २.५ मायक्रोमीटरचे खंड ओळीनं असतात. प्रत्येकात दोन प्रथिनांचे तंतू: मायोसिनचे जाड आणि ॲक्टिनचे पातळ. मेंदूचा संदेश मज्जातंतूवाटे पोचला की पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं आणि ॲक्टिनवरच्या झाकलेल्या जागा उघड्या पडतात. मायोसिनची डोकी तिथे चिकटतात, वाकतात आणि ॲक्टिनला खंडाच्या मध्याकडे ओढतात.

ही पकड सोडवायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं, आणि खरं थक्क करणारं आहे ते हेच. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठतं, कारण एटीपी संपलेलं असतं आणि मायोसिन ॲक्टिनला धरूनच राहतं. पुढे प्रथिनांचंच विघटन सुरू झालं की ताठरपणा उतरतो.